खून मोजायचे कसे? सातारा-सांगलीच्या दप्तरातून

उर्दू आणि मराठी एकाच वर्गाला शिकवताना काही शब्द मुलांना हमखास चकवतात. ‘खून’ हा त्यातला पहिला. उर्दूत खून म्हणजे रक्त. माणूस मारला गेला तर तो ‘कत्ल’. मराठीने फारसी-अरबीतून दोन्ही शब्द घेतले, पण त्यांची कामे बदलून टाकली. एक माणूस मारला तर खून आणि पुष्कळ मारले तर कत्तल. ‘गुनाह’चेही तसेच. उर्दूत तो अल्लाहपुढचा अपराध, कोर्टापुढच्या अपराधाला ‘जुर्म’ म्हणायचे. मराठीत मात्र गुन्हा म्हटले की थेट पोलीस ठाणे डोळ्यांसमोर येते. फिर्याद, मुद्देमाल, फौजदार, जबानी... आपल्या पोलीस ठाण्यातला अर्धा शब्दसंग्रह माझ्या उर्दूच्या तासाला कामी येतो.

शब्दांची ही अदलाबदल इथे सांगायचे कारण आहे. ‘पूर्वी एवढे खून होत नव्हते’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते; चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्या आजोबांकडून. वाक्य तिथेच थांबले तर हरकत नाही. पण त्याच्या पाठोपाठ बिघडवणाऱ्याचे नाव येते. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी बाहेरून आलेल्या मजुरांना, आणि कोणी आवाज थोडा खाली आणून ‘त्यांच्या वस्ती’ला. तेव्हा विचारावेसे वाटते, की पूर्वी म्हणजे कधी? आणि तेव्हाचे खून मोजले कोणी?

आपल्या भागापुरते बोलायचे तर जुने उत्तर पेशवाईच्या हिशेबांत शोधावे लागते. तिथे ‘गुन्हेगारी’ हा शब्द सापडतो, पण जमेच्या बाजूला! वाद जिंकणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम म्हणजे हरकी आणि दोषी ठरलेल्याने भरायचा दंड म्हणजे गुन्हेगारी. थोडक्यात, आज ज्या शब्दाने आपण समाजाची बिघडलेली तब्येत सांगतो तो शब्द तेव्हा वसुलीचा होता. ज्या वर्षी मामलेदार कडक, त्या वर्षी गुन्हेगारी जास्त. ज्याच्याकडून दमडीही निघणार नाही त्याचा अपराध कागदावर चढण्याची शक्यता कमी. चोरीचे प्रकरण तर पुष्कळदा गावातच मिटायचे. रामोशाने माग काढायचा, माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला तर तिथल्या लोकांच्या हवाली करायचा, नाही निघाला तर नुकसान भरून द्यायचे. व्यवस्था चांगली की वाईट, हा वाद वेगळा. पण या कागदांवरून लाख माणसांमागे किती खून होत, हे काढता येत नाही.

गंमत म्हणजे इंग्लंडातही सुरुवात खजिन्यापासूनच झाली. ११९४ पासून तिथे ‘कॉरोनर’ नावाचा अधिकारी संशयास्पद प्रेत बघायला जाई, कारण खुन्याची मालमत्ता राजाकडे जमा व्हायची. पण त्या अधिकाऱ्याने प्रेतांच्या नोंदी लिहून ठेवल्या आणि त्या शेकडो वर्षे टिकल्या. पुढे टेड गर, मॅन्युएल आइस्नर अशा अभ्यासकांनी त्यांच्यासारख्या कागदांवरून हिशेब मांडला. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडात लाखामागे वीसच्या आसपास माणसे दरवर्षी मारली जात, विसाव्या शतकात हा दर एकाच्या आसपास आला. म्हणजे ‘पूर्वी’ तिथे तरी फार रक्ताळलेले होते. या हिशेबावरही आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. मध्ययुगातल्या शहराची नक्की लोकसंख्या कोणाला माहीत? छोट्या गावात तर एक प्रेतसुद्धा दर उडवून देते. पाच हजार वस्तीच्या गावात वर्षात एक खून झाला की लाखामागे वीस असा दर निघतो. पुढच्या वर्षी काही झाले नाही की शून्य. गाव तेच, माणसे तीच.

साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. भारतीय दंड संहिता १८६० ची, अंमल १८६२ पासून. खुनाची एकच व्याख्या, एकच कलम, आणि ते कलम हिंदी सिनेमामुळे सगळ्यांना पाठ: दफा ३०२. इथून पुढे तरी मोजमाप सोपे व्हायला हवे होते. पण सातारा जिल्ह्याचा तेव्हाचा नकाशा समोर ठेवा. मधोमध इंग्रजी मुलूख आणि त्यात गोधडीच्या ठिगळांसारखी संस्थाने. सांगली, थोरली आणि धाकटी मिरज, जत, फलटण, औंध. प्रत्येकाचे पोलीस वेगळे, कोर्ट वेगळे, वही वेगळी. आजचा सांगली जिल्हा तर तेव्हा नव्हताच. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातून काढून मिरज, जत वगैरेंना जोडले आणि ‘दक्षिण सातारा’ झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कोणी ‘सातारा जिल्ह्यात १९४० पेक्षा १९५० मध्ये खून कमी झाले’ असा आकडा दाखवला तर घाबरू नका. अर्धा जिल्हाच उचलून दुसरीकडे ठेवला होता.

औंधची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या राजांनी १९३९ मध्ये राज्यकारभार गावांच्या हाती दिला, न्यायदानसुद्धा पंचायतींकडे सोपवले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग काढला. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला कल्पना मिळाली ती इथूनच. अशा राज्यात भांडणतंटा ज्या वहीत उतरतो ती वही आणि शेजारच्या इंग्रजी तालुक्यातल्या फौजदाराची वही यांची बेरीज करता येत नाही. दोघांची मोजायची वस्तूच वेगळी.

आणि मग आले १९४२. सातारा जिल्ह्याच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीची खरी कसोटी लागली ती इथे.

९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. पुढे परशुराम घार्गे होते. पोलिसांनी गोळीबार केला, नऊ जण मारले गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीने पडले. दोन दिवसांत अकरा माणसे. जिल्ह्याच्या खुनांच्या रकान्यात ही अकरा कुठे बसतात? कुठेच नाही. सरकारने केलेला गोळीबार सरकारच्याच वहीत खून म्हणून चढत नसतो. तिथे चढतो तो ‘बेकायदा जमाव’, म्हणजे मेलेल्यांचा गुन्हा.

पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरून लोकांनी ‘प्रति’चे ‘पत्री’ केले, असे जुने लोक सांगतात. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. जमिनीचे वाद, सावकाराचे जाच, बायकोला टाकणे, दारू, गुंडगिरी, सगळ्याचा निवाडा तिथेच होऊ लागला. पोलीस ठाण्याची पायरी चढायची नाही, हा दंडकच होता. चढलाच कोणी तर तो घरभेदी ठरायचा, आणि घरभेद्याला काय मिळते ते सगळ्या गावाला ठाऊक होते.

आता त्या काळातल्या एखाद्या ठाण्याची नोंदवही डोळ्यांसमोर आणा. गावातली मारामारी तिच्यात नाही, कारण ती मंडळापुढे मिटली. गुंडाचे पाय फोडले तेही नाही, कारण गुंड फिर्याद द्यायला धजत नाही. वही पाहिली तर वाटेल की परिसर शांत झाला आहे. त्याच वहीत दुसरीकडे ७ जून १९४३ ची नोंद: शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. दंड संहितेच्या भाषेत तो दरोडा. जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथीदार त्या भाषेत दरोडेखोर. त्यांचे कुंडल गाव औंध संस्थानात, रेल्वे लुटली ती इंग्रजी मुलखात. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले; अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव त्या झटापटीत गोळीने गेले. तो तुरुंग पुन्हा तिसऱ्याच संस्थानाचा. १९४६ मध्ये मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरची वॉरंटे मागे घेतली गेली, आणि कालचे फरारी आरोपी आज हारतुरे घेऊन सभांना जाऊ लागले.

मला पत्री सरकारबद्दल आदर आहे. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. त्या काळात झालेली प्रत्येक मारहाण न्यायाचीच होती असे मानायचे कारण नाही. चळवळीच्या नावावर जुनी वैरे फेडणारे तेव्हाही होतेच, आणि त्यांना आवर घालणे हेसुद्धा नेत्यांचे एक काम होते. पण मोजणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा निराळा आहे. लोकांचा ठाण्यावरचा विश्वास उडाला की आकडा खाली येतो, हिंसा तेवढीच राहिली किंवा वाढली तरी. हे साताऱ्यात घडलेले आहे. आजही एखाद्या मोहल्ल्यातून तक्रारी येत नाहीत म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला १९४३ ची वही दाखवावी.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीतून सुटला नाही. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी त्या दिवसांवर ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. किती कुटुंबे गाव सोडून पुण्याला किंवा शहरात गेली, ती परत आली नाहीत, हे आपल्या भागात वाड्यांच्या रिकाम्या जोत्यांवरून कळते. गुन्ह्यांच्या आकडेवारीत मात्र ही जळीते फार बारीक दिसतात. एका फिर्यादीत एक घर असो की पन्नास, मोजताना गुन्हा एकच. आपल्या शेजाऱ्यांवर आलेली ही आफत मुसलमान वाचकाने आधी समजून घ्यावी असे मला वाटते, कारण त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या पूर्वेला जे झाले ते समजायला तिचा उपयोग होतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई झाली. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरेच होते. पण कारवाईच्या काळात आणि नंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीला पाठवले. काझी अब्दुल गफ्फार तिचे एक सदस्य होते. समितीचा अंदाज होता की अगदी जपून धरले तरी २७ ते ४० हजार माणसे गेली. अहवाल पुढे कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला. लोकांना तो वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

कारण देशपातळीवर गुन्ह्यांची सलग सरकारी आकडेवारी सुरू होते ती १९५३ पासून. त्या वर्षी सबंध देशात पोलिसांनी नोंदवलेले खून ९,८०२. म्हणजे हैदराबादेत काही आठवड्यांत गेलेली माणसे देशाच्या तीन-चार वर्षांच्या खुनांएवढी. आणि ती कुठल्याच तक्त्यात नाहीत. आपला आलेख जिथून सुरू होतो त्याच्या जरासे डावीकडे फाळणी आहे आणि हैदराबाद आहे. ‘पूर्वी एवढे खून होत नव्हते’ म्हणणाऱ्याचे ‘पूर्वी’ बहुधा १९५३ च्या नंतरचे असते.

आता तो आलेखच पाहू. १९५३ चे ९,८०२ खून २०११ मध्ये ३४,३०५ झाले. अडीचशे टक्के वाढ! वर्तमानपत्राला मथळा मिळाला. पण देश छत्तीस-सदतीस कोटींचा होता तो १२१ कोटींचा झाला, हे मथळ्यात नसते. लाखामागे काढले तर १९५३ चा दर साधारण २.६ आणि २०११ चा २.८. जवळपास जागच्या जागी. मधे तो चढला होता. १९९२ मध्ये खून ४०,१०५ झाले आणि दर ४.६ वर गेला. बाबरी मशीद पाडली गेली ते वर्ष, म्हणून कोणी लगेच धागा जोडेल. मी जोडणार नाही. चढण त्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि त्यात पंजाब, बिहार, उत्तर प्रदेश असे पुष्कळ काही मिसळलेले आहे. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले, दर २.१. तीस वर्षांत दर निम्म्याहून कमी झाला, ही बातमी मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

खुनाचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा मानतात, कारण प्रेत लपवणे अवघड. बलात्काराचे तसे नाही. १९७१ मध्ये देशात नोंद २,४८७, २०११ मध्ये २४,२०६. जवळजवळ दसपट. २०१२ चा आकडा २४,९२३ होता, तो २०१३ मध्ये एकदम ३३,७०७ वर गेला. एका वर्षात पुरुष पस्तीस टक्क्यांनी जास्त नीच झाले का? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली, कायदा बदलला, व्याख्या रुंदावली, फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली, आणि मुली बोलू लागल्या. इथे आकडा वाढणे ही काही अंशी चांगली खबर आहे. अपहरणाच्या आकड्यात तर स्वखुशीने लग्न करायला घर सोडलेल्या मुलींच्या बापांच्या फिर्यादीही असतात. त्यावरून ‘मुली पळवणाऱ्या टोळ्या’ शोधणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पण खुनाचा आकडा तरी किती पक्का? मिरजेचे उदाहरण घ्या. डॉक्टर वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव झाले. बांधाच्या भांडणात डोक्यात कुऱ्हाड बसलेला माणूस १८८० मध्ये बैलगाडीतच जायचा आणि वहीत खून चढायचा. आज तोच घाव बसला तर ॲम्ब्युलन्स त्याला तासाभरात मिरजेला पोचवते, तो वाचतो, आणि गुन्हा लागतो तो खुनाच्या प्रयत्नाचा. मारणाऱ्याचा राग तेवढाच, कुऱ्हाडही तेवढीच. अमेरिकेत २००२ मध्ये अभ्यासकांनी हिशेब केला, की १९६० नंतरचे वैद्यकीय उपचार नसते तर तिथले खून पाचपटीपर्यंत जास्त निघाले असते. म्हणून खून घटले हे पाहताना खुनाचे प्रयत्न आणि गंभीर दुखापती यांचा रकाना शेजारी ठेवून वाचावा लागतो.

दुसरीकडे स्टोव्ह. माझ्या पिढीने लहानपणी वर्तमानपत्रात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही दोन ओळींची बातमी किती वेळा वाचली असेल! रॉकेलचा स्टोव्ह सासू-सासऱ्यांवर, नवऱ्यावर कधी भडकत नसे, फक्त सुनेवर. ठाण्यात नोंद ‘अकस्मात मृत्यू’, म्हणजे खुनांच्या बाहेर. छळाचे कलम ४९८ अ १९८३ मध्ये आले आणि हुंडाबळीचे ३०४ ब १९८६ मध्ये. तरीही हुंडाबळी आजतागायत खुनांत धरत नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा असतो. २०२२ मध्ये ते ६,४५० होते. त्या वर्षीच्या २८,५२२ खुनांत हे मिळवून पाहा, आणि मग देश किती शांत झाला ते ठरवा. आपल्या समाजात हुंडा नाही असे मिंबरवरून सांगितले जाते. जहेजच्या याद्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही.

मोजण्याचा आणखी एक सरकारी नियम फार कमी लोकांना माहीत असतो. एका फिर्यादीत पाच गुन्हे असतील तर तक्त्यात त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच धरतात. खून आणि बलात्कार असेल तर खून. खून आणि दंगल असेल तरी खून. नियम सोयीचा आहे, दुहेरी मोजणी टाळतो. पण त्याने काय पुसले जाते ते आपल्या जिल्ह्यात पाहू.

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मुसलमानांच्या दुकानांवर, घरांवर आणि मशिदीवर हल्ला केला. एक तरुण मारला गेला, बरेच जखमी झाले, साताऱ्यात इंटरनेट बंद झाले. तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात एका खुनाने दर ०.०३ ने हलतो. देशाचा दर लावला तर अशा जिल्ह्यात वर्षाला साठेक खून होतात. हा त्यातला एक. बांधावरून झालेला, दारूत झालेला, संशयावरून झालेला आणि हा, चौघेही तक्त्यात शेजारी शेजारी. पण बांधावरच्या खुनानंतर दोन घरे दाराला कडी लावून बसतात. पुसेसावळीनंतर कराड, सातारा, सांगली, मिरज इथल्या आयांनी मुलांचे फोन तपासले. मिरजेने सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून झालेल्या दंगलीत दिवसच्या दिवस संचारबंदी सोसली. बंद शटरचा, बुडालेल्या रोजाचा रकाना तर कुठल्याच तक्त्यात नसतो.

खुनांच्या कारणांचा एक तक्ता निघतो, त्यात जातीय-धार्मिक कारणाचा रकाना आहे. पण तो राज्ये आणि मोठी शहरे यांच्यापुरता. खटाव तालुका त्यात दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ साठी जमावाकडून होणाऱ्या हत्या, गोरक्षणाच्या नावावरची हिंसा, द्वेषातून घडणारे गुन्हे यांची माहिती गोळा केली होती. तो अहवाल उशिरा, २०१९ च्या ऑक्टोबरात आला, आणि त्यात हे रकाने नव्हते. सरकारने पुढे संसदेत सांगितले, की व्याख्या नीट नसल्याने माहिती भरवशाची नव्हती म्हणून ते काम थांबवले. व्याख्या नीट नव्हती हे मी एक वेळ मान्य करतो. दरोडा म्हणजे काय, हेही कोणीतरी बसून ठरवले म्हणूनच मोजता आले. पाच माणसे असतील तर दरोडा, चार असतील तर जबरी चोरी, इतके बारीक १८६० मध्ये ठरवता आले होते.

१ जुलै २०२४ पासून दफा ३०२ गेली. भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि त्याचे दुसरे पोटकलम खास आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून केलेला खून. दरोड्यासारखाच पाचाचा आकडा. म्हणजे व्याख्या आता आहे, कलम आहे, फिर्यादीवर ते लिहायला जागाही आहे. ते कलम ठाणे अंमलदार लावतो की नुसते १०३ (१) लावून मोकळा होतो, हे फिर्यादीचा पहिला कागद हातात आल्यावर कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील ठरवलेली प्रकरणे सोडून, फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात, आणि फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आपल्या मशिदींच्या कमिट्यांत वकील असतात, निवृत्त शिक्षक असतात. त्यांनी वर्षातून एकदा बसून आपल्या तालुक्याचे कागद वाचून कलमे एका वहीत उतरवून ठेवली, तर पुढे ‘पूर्वी’ काय होते ते सांगायला एक वही तरी राहील. त्या वहीत दुसऱ्या समाजाच्या माणसाचा खून झाला असेल तर तोही त्याच शाईने लिहावा.